टेंभूचं पाणी, तारापूरची वीज

प्रश्न : ताई, टेंभू योजनेनं उचललेल्या कृष्णेच्या पाण्यावर आमची डाळिंबं जगली. पण त्या पंपांची वीज बहुतेक कोळशाचीच. इकडं बाग हिरवी आणि तिकडं धूर. अणुवीज खरंच स्वच्छ असते का? आपल्याला कोयना आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या पुरणार नाहीत का? – एक शेतकरी, आटपाडी

उत्तर : दादा, मी पाटणची, आधी कोयनेचंच बोलते. तिच्या विजेला धूर नाही. पण टर्बाइन फिरवून ते पाणी कोकणातल्या वाशिष्ठी नदीत उतरतं, ते आपल्या कृष्णेत परत येत नाही. कृष्णा पाणी लवादानं त्याला वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे, आणि ती वाढावी असं आटपाडीकरानं तरी म्हणू नये. चाळकेवाडीला वारं पावसाळ्यात जोरात. तुम्हाला पाणी हवं उन्हाळ्यात.

अणुभट्टीला ऋतू नसतो. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून वीज देतंय. तिथल्या 540 मेगावॉटच्या दोन भट्ट्यांत नैसर्गिक युरेनियम वापरतात. त्याच्या एका किलोतून साधारण 45 हजार युनिट निघतात. तेवढ्यासाठी कोळसा लागेल तीसेक टन, आणि त्याची राखच दहा टनांच्या घरात! खाणीपासून सगळं धरलं तर युनिटमागे अणुविजेचा कार्बन 12 ग्रॅम, कोळशाचा 820, असं संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल मंडळाचा (आयपीसीसी) 2014 चा अहवाल सांगतो. पवनचक्कीचा 11.

कचऱ्याचं काय, हा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी यायचा. जळालेलं इंधन आधी काही वर्षं पाण्याच्या टाक्यांत ठेवतात. मग त्यातलं उपयोगाचं काढून घेतात आणि उरलेला जहाल भाग काचेत गोठवतात. तो हजारो वर्षं सांभाळावा लागतो, हे मी कधी लपवलं नाही. पण तो मोजून, कुलपात ठेवता येतो. धुराडं आपला कचरा सगळ्यांच्या छातीत भरतं.

भीतीला मी हसणार नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, कोयनेच्या भूकंपात, आमच्या घराची भिंत पडली. मी सात वर्षांची होते. भट्टी कुठं बांधता, जमीन कशी तपासली, हे लोकांनी विचारायलाच हवं.

देशाच्या विजेत अणूचा वाटा जेमतेम 3 टक्के आहे, त्यामुळं तुमच्या पंपांमागचा धूर लगेच जाणार नाही. तुमच्या विहिरीवरच्या मोटारीला विजेची नासाडी कमी करणारा कपॅसिटर आहे का, तेवढं मात्र आजच बघा.