‘सिंग्युलॅरिटी’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा अशी आहे: अवकाश आणि काळ यांच्याबद्दल वाचताना ‘सिंग्युलॅरिटी’साठी (ढोबळमानाने, जिथे नेहमीचे नियम चालेनासे होतात त्या स्थितीसाठी) एकलता, अनंतबिंदू आणि विलक्षणता असे तीन शब्द भेटले. तिन्हींचे अर्थ तर वेगवेगळे लागतात. मग बरोबर कोणता?

एकलता आधी बाजूला ठेवू. मूळ लॅटिन शब्दात ‘एकटा’ हा अर्थ आहे खरा, व्याकरणातल्या एकवचनाचं इंग्रजी नावही त्यातूनच आलं. गणिताने मात्र त्याची दुसरी छटा उचलली: इतरांसारखा नसलेला, नियमात न बसणारा. एक भागिले क्ष ही राशी घ्या. क्षला हवी ती किंमत द्या, उत्तर निघतं. शून्य दिलं की निघत नाही. शून्यापाशी ही राशी ‘सिंग्युलर’ आहे म्हणजे ती तिथे एकटी आहे असं नव्हे, तिथे तिचा नियम चालत नाही. ‘एकलता’ वाचणाऱ्याला एकटेपणा कळतो आणि नेमकी नियम मोडण्याची गोष्ट निसटते.

‘अनंतबिंदू’ हा शब्द कानाला छान लागतो, पण तो मला सर्वांत जास्त दिशाभूल करणारा वाटतो. त्यात दोन चुका आहेत, ‘अनंत’ची एक आणि ‘बिंदू’ची एक.

अनंताचं पाहू. उत्तर ध्रुवाचं रेखांश किती? सांगता येत नाही, कारण सगळी रेखावृत्तं तिथे एकत्र येतात. म्हणून तिथे पृथ्वीला भोक पडलेलं नाही. रेघा ओढण्याची आपली पद्धत तिथे अपुरी पडते, इतकंच. जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी १९१६ साली आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांची जी उकल प्रसिद्ध केली, तिच्यात सूत्र अडखळतं अशा दोन जागा निघाल्या. एक वस्तुमानाच्या अगदी केंद्रात, दुसरी केंद्रापासून काही अंतरावर. सूर्याएवढं वस्तुमान असेल तर हे अंतर सुमारे ३ किलोमीटर. दोन्हीकडे सूत्रातली एखादी राशी अनंत होते. त्यातली बाहेरची जागा ध्रुवासारखी निघाली. जॉर्ज लमेत्र यांनी १९३०च्या दशकात दाखवलं की मोजण्याची पद्धत बदलली की तिथला अनंत नाहीसा होतो. आज आपण त्या जागेला कृष्णविवराचं घटनाक्षितिज म्हणतो, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही परत येत नाही ती सीमा. केंद्रातला अनंत मात्र कुठल्याही पद्धतीने जात नाही. म्हणजे सूत्रात अनंत दिसला की तिथे सिंग्युलॅरिटी असतेच असं नाही.

आता बिंदू. रॉय केर यांनी १९६३ साली फिरत्या कृष्णविवराची उकल दिली. तिच्यात सिंग्युलॅरिटी बिंदूसारखी नसून कड्यासारखी आहे. न फिरणाऱ्या कृष्णविवराची गोष्ट तर त्याहून चकित करणारी आहे. तिथे घटनाक्षितिज ओलांडलं की केंद्राकडे जाणं आणि पुढच्या क्षणाकडे जाणं ही एकच गोष्ट होते. केंद्र ही समोर दिसणारी जागा उरत नाही, ती येणारी वेळ होते. उद्याला जसं टाळता येत नाही तसं तिलाही येत नाही. सूर्याएवढ्या कृष्णविवरात क्षितिजापासून तिथवर पडणाऱ्याच्या घड्याळात फार तर १५ ते १६ मायक्रोसेकंद मिळतात. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर सूर्याच्या चाळीस लाखांहून अधिक पट वजनदार आहे, तिथे एक मिनिटाहून थोडे जास्त. ‘कृष्णविवराच्या मध्यभागी एक बिंदू असतो’ या वाक्यात यातलं काहीच मावत नाही.

(जाता जाता: मराठीतला ‘अवकाश’ हा शब्द मला यासाठीच फार आवडतो. ‘गाडी यायला अजून अवकाश आहे’ म्हणताना आपण त्याने वेळच मोजतो. जागा आणि वेळ एकाच शब्दात सामावण्याची सवय आपल्या भाषेला आधीपासून आहे.)

मग नेमकी व्याख्या काय? इथे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरी यांचं नाव घ्यायलाच हवं. गुरुत्वाकर्षणाखाली शेजारशेजारच्या वाटा एकमेकींकडे कशा झुकत जातात, याचं समीकरण त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलं. त्याचा आधार घेऊन ब्रिटिश गणितज्ञ रॉजर पेनरोज यांनी १९६५ साली एक प्रमेय सिद्ध केलं. कोसळणाऱ्या ताऱ्याभोवती प्रकाशही बाहेर पसरू शकत नाही अशी स्थिती आली, की काही साध्या गृहीतकांखाली आतली निदान एक वाट पुरी होऊच शकत नाही. या कामासाठी पेनरोज यांना २०२०चं नोबेल मिळालं. या प्रमेयात घनता अनंत होते असं कुठेच म्हटलेलं नाही. त्यात इतकंच आहे की मुक्तपणे जाणाऱ्या कणाची किंवा किरणाची वाट मध्येच संपते आणि तिला पुढे वाढवता येत नाही.

यासाठी मराठीत अगदी नेमकं क्रियापद आहे: खुंटणे. ‘वाट खुंटली’ म्हणजे वाट वळली नाही, अडवली गेली नाही, पुढे वाटच नाही. पेनरोज यांचा आशय मला याहून कमी शब्दांत सांगता येणार नाही.

म्हणून माझं मत विलक्षणतेच्या बाजूने आहे. ‘वि’ आणि ‘लक्षण’: नेहमीची लक्षणं जिला लागू पडत नाहीत ती. व्युत्पत्ती गणितातल्या अर्थाच्या जवळ जाते. अडचण एकच, रोजच्या मराठीत आपण ‘विलक्षण बुद्धिमत्ता’ म्हणतो आणि शब्दाला अचंब्याचा वास लागतो. तेवढ्यासाठी पहिल्यांदा वापरताना एक वाक्य जोडावं: ‘विलक्षणता, म्हणजे जिथे अवकाश-काळातली वाट खुंटते ती स्थिती.’ ‘खुंट’ वरूनच एखादं नाम घडवण्याचा मोह मलाही झाला होता, पण खुंट, खुंटी, खुंटा हे शब्द आपापल्या वस्तूंना इतके चिकटलेले आहेत की वाचकाचं लक्ष तिकडेच जाईल.

वापरताना विभक्तीकडेही लक्ष द्यावं. ‘कण विलक्षणतेत पडतो’ लिहिलं की ती एखादी विहीर होते. ‘विलक्षणतेपाशी’ लिहावं. अनेकवचनात रूप बदलत नाही, दिशा-दिशा तसंच विलक्षणता-विलक्षणता. तेव्हा संख्या क्रियापदावरून किंवा ‘या दोन’ अशा शब्दांवरून कळू द्यावी.

आणि महास्फोटाबद्दल (बिग बँगबद्दल) लिहिताना ‘महास्फोटापूर्वी’ हा शब्द जपून योजावा. आइन्स्टाइनच्या समीकरणांनुसार सुमारे १३८० कोटी वर्षं मागे गेलं की तिथेही वाट खुंटते, आणि ‘पूर्वी’ म्हणायला मागे वाट शिल्लक असावी लागते. ज्या सिद्धान्तात ती वाट आणखी मागे नेलेली आहे त्याबद्दल लिहीत असाल, तर ‘पूर्वी’ खुशाल लिहा.