रस्ता, ऑफिस, सोनं: फंडात पैसे घालण्याआधी

सोनं-चांदी, भाड्याची ऑफिसं, टोलरस्ते अशा मालमत्तांत पैसे लावणाऱ्या फंडांबद्दल सांगली-साताऱ्याहून बरीच पत्रं आली. घोळ सगळ्यांत एकच आहे: वस्तू डोळ्यांना दिसते, म्हणजे मुद्दल बुडणार नाही. म्हणून उत्तरं एकत्रच देतो.

या फंडांत मुद्दल बँकेसारखं सुरक्षित असतं ना? (तासगाव)

नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, फंडातल्या तुमच्या हिश्श्याला, म्हणजे युनिटला, कसलाही नसतो.

नवा फंड दहा रुपयांना मिळतोय. एजंट म्हणतो, शुक्रवारी बंद होणार. घेऊ का? (मिरज)

दहा रुपये हा सुरुवातीचा आकडा असतो, त्यात स्वस्त काही नाही. शुक्रवार जाऊ द्या.

आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा धंदा. मुलगा म्हणतो, फंडातही सोनं-चांदीच घेऊ, आपल्याला त्यातलं कळतं. (विटा)

कळतं, हे खरंच. पण तुमचं दुकान, उधारी आणि घरातले दागिने आधीच एका भावावर टांगलेत, त्यात फंडही तिथेच अडकवायचा? चांदीचं तुम्हाला मी काय सांगावं! २०११ मध्ये किलोला सत्तर हजारांच्या वर गेली आणि २०१५ मध्ये पस्तीस हजारांच्या आसपास आली. शिखरावर घेतलेल्यांना तो भाव पुन्हा दिसायला २०२० उजाडलं. मुलाला घेऊन सल्लागाराकडे जा आणि धंद्यातला माल धरून सगळी मालमत्ता त्याच्यासमोर मांडा.

इन्व्हिटमध्ये वर्षाला ११ टक्के सुटतात, एफडीत ७ सुद्धा नाहीत. मी निवृत्त शिक्षिका आहे. प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम तिकडे हलवू का? (कराड)

बाई, हे ११ टक्के व्याज नाही. हे मी किती जणांना सांगितलं असेल, तरी व्हॉट्सअॅपवर तो एफडीशी तुलना करणारा तक्ता फिरतोच आहे.

इन्व्हिट म्हणजे रस्ते, वीजवाहिन्या अशा प्रकल्पांची मालकी युनिटांत वाटणारा ट्रस्ट. वाटपायोग्य रोख रकमेतली किमान ९० टक्के त्याला वाटावीच लागते. आता टोलरस्ता घ्या. टोल वसुलीचा हक्क ठरावीक वर्षांचा असतो. ती संपली की रस्ता सरकारकडे परत जातो, ट्रस्टकडे त्यातलं काही उरत नाही. म्हणून दरवर्षी हातात येणाऱ्या रकमेत थोडा नफा किंवा व्याज असतं आणि थोडं तुमचंच मुद्दल. समजा शंभराच्या युनिटवर अकरा रुपये आले आणि त्यातले पाच मुद्दलाचे असतील, तर तुमची खरी कमाई सहाच. वाटपाच्या पत्रकात ही फोड छापलेली असते. तक्ता पाठवणारा नेमकं तेच पान गाळतो.

शिवाय युनिट रोज बाजारात विकलं जातं. आयआरबी इन्व्हिटचं युनिट २०१७ मध्ये १०२ रुपयांना विकलं गेलं आणि २०२० च्या मार्चमध्ये चाळीस रुपयांच्याही खाली गेलं. त्याच महिन्यात घरात दवाखाना निघाला असता तर? आनेवाडीच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग दिसते म्हणून ट्रस्टचं उत्पन्न ठरल्याप्रमाणे येईलच, असंही नाही. रहदारी घटते, दुरुस्ती निघते, कर्जाचा दर चढतो. इन्व्हिटला मालमत्तेच्या ७० टक्क्यांपर्यंत कर्ज काढता येतं, त्यामुळे व्याजदर वाढले की वाटप आणि युनिटचा भाव, दोन्हीकडून मार बसतो.

इन्व्हिट वाईट नाहीत. पण निवृत्तीचं मुद्दल सगळं त्यात? अजिबात नको. थोडा भाग घालायचाच असेल, तर सेबीकडे (बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेकडे) नोंदलेल्या, कमिशन न घेणाऱ्या सल्लागाराला विचारा. करासाठी सीएला. वाटपातल्या प्रत्येक भागाला कर वेगळा लागतो.

सांगलीत राहून हळदीत फंडातून पैसे लावता येतील का?

फक्त हळदीचा फंड नाही. आणि थेट वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यात, उतरू नका. २० एप्रिल २०२० ला संपलेला कच्च्या तेलाचा वायदा एमसीएक्स या वायदेबाजारात पिंपाला उणे २,८८४ रुपयांना मिटवला गेला. ज्यांनी तेल घेतलं होतं, त्यांनाच वर पैसे भरावे लागले.

मी मल्टी अॅसेट फंड घेतलाय, म्हणजे विविधता साधली ना? (फलटण)

नियम एवढाच, की मालमत्तेच्या किमान तीन प्रकारांत प्रत्येकी किमान १० टक्के हवेत. उरलेले ७० टक्के शेअर असू शकतात, आणि बरेचदा शेअरच जास्त असतात. फंडाचं माहितीपत्रक, म्हणजे फॅक्टशीट, उघडा.

मुलीचं लग्न दोन वर्षांनी. तोवर रीटमध्ये (भाड्याच्या ऑफिसांची मालकी युनिटांत वाटणाऱ्या ट्रस्टमध्ये) ठेवू? (वाई)

नको.

पाचगणीजवळच्या व्हिलात आम्ही दहा जणांनी प्रत्येकी पाच लाख दिले. १५ टक्के खात्रीचं भाडं होतं, चार महिने बंद आहे. मालक म्हणतो, सीझन येऊ द्या. थांबू का? (सातारा)

थांबायचं कशासाठी? मालमत्तेचा हिस्सा विकण्याच्या अशा योजनांसाठी सेबीने २०२४ मध्ये छोट्या रीटचे नियम केले. त्यात किमान गुंतवणूक दहा लाख आणि ९५ टक्के पैसा भाडं देणाऱ्या, बांधून झालेल्या मालमत्तेतच लावावा लागतो. तुमच्या पाच लाखांची पावती कुठल्या नावाची आहे? सातबाऱ्यावर तुमची नावं आहेत का? पाचगणी-महाबळेश्वर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथल्या बांधकामाची परवानगी पाहिलीत का? 'खात्रीचं' हा शब्द ऐकल्यावर हे विचारायला हवं होतं. आता करारनामा, पावत्या, बँकेच्या नोंदी आणि मालकाचे सगळे मेसेज छापून घ्या आणि दहाही जण मिळून याच आठवड्यात वकील गाठा. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा लागू होतो का, महारेराकडे (राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाकडे) जाता येईल का, हे तोच कागद पाहून सांगेल. तोपर्यंत मालकाने दिलेल्या कुठल्याही नव्या कागदावर सही करू नका.