शनीची कडी आणि पावसाळ्यातली बुरशी

प्रश्न : माझ्याकडे १३० मिमी व्यासाची, ६५० मिमी नाभीय अंतराची परावर्ती दुर्बीण आहे. सोबत २५ आणि १० मिमीच्या नेत्रिका (डोळा लावून पाहायची भिंगं) मिळाल्या. शनीची कडी मोठी दिसावीत म्हणून ४ मिमीची स्वस्त नेत्रिका घेऊ का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : ४ मिमीची नको. दुर्बिणीचे ६५० भागिले नेत्रिकेचे ४ म्हणजे १६२ पट मोठं, आकडा मोहात पाडतो. पण प्लॉसल या नेत्रिकेच्या साध्या प्रकारात डोळा इतका जवळ न्यावा लागतो की पापण्या काचेला लागतात. माझ्या कित्येक रात्री काच पुसण्यात गेल्या. त्यापेक्षा ६६ अंशांच्या रुंद दृश्यक्षेत्राची ६ मिमी घ्या. १०८ पटीत कडी ग्रहापासून सुटी दिसतात, आणि शनी नजरेतून पटकन निसटत नाही. २५ मिमीची जपा, कृत्तिका तिच्यातच पाहायच्या.

आणखी एक, आपल्या किनाऱ्यावर फार महत्त्वाचं. वेंगुर्ल्याला माझी एक नेत्रिका पावसाळाभर फोमच्या पेटीत राहिली. गणपतीत उघडली तर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू! बुरशीने काचेवरचा लेपच खाल्ला होता. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि दव पडलेली नेत्रिका पूर्ण सुकल्याशिवाय झाकू नका.