पाठ केलेले इंग्लिश शब्द एकमेकांत मिसळतात, म्हणजे पोरगी ढ आहे काय?

कॉलेजं सुरू झाली की दोन महिन्यांत ही तक्रार माझ्याकडे येतेच, मुलांच्या अभ्यासाच्या अडचणी मी ऐकते ना. बेळगावच्या आसपासची खानापूर, नंदगड, कडोली, येळ्ळूर, कुठून कुठून पोरं येतात, सगळी मराठी मीडियमची, एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, गणित-विज्ञान मराठीत शिकलेली आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं की एका सुट्टीत सगळं इंग्लिश. त्यातली एक गोष्ट सांगते, आईला आणि मुलीला विचारून सांगतेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

आई आत आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, पोर रात्री बारापर्यंत पाठ करूलंय बघा, सकाळी उठलं की सगळं विसरूलंय. डोक्यात काय कमी हाय काय?" मुलगी शेजारीच उभी होती, तिच्यासमोरच हे. आईचा राग नव्हता तो, काळजीच होती, पण मी आईला बाहेर चहा घ्यायला पाठवलं.

मग हळूहळू निघालं. वर्गात सरांनी उभं करून वाचायला लावलं होतं, 'दो' म्हणजे जरी, तो शब्द तिनं 'थॉट' असा वाचला आणि वर्ग हसला. इंग्लिश मीडियमची मुलं जास्त हसली असं तिला वाटलं. त्यानंतर सकाळी बसची वेळ झाली की पोटात दुखायचं. पोटात खरंच दुखतं हो अशा वेळी, नाटक नसतं ते, हे आईवडिलांनी ऐकावं म्हणून मुद्दाम लिहितेय.

मी आधी तिला मराठी पेपर वाचायला दिला, खडखडीत वाचला. कन्नडचं पान दिलं, तेही बऱ्यापैकी वाचलं. हे बघावंच लागतं, कारण मूल पहिली-दुसरीपासून सगळ्याच भाषांत अडखळत असेल, अक्षरं ओळखायलाच खूप त्रास होत असेल तर ते वेगळं प्रकरण, तेव्हा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायची, आणि त्याचाही बुद्धी कमी असण्याशी संबंध नसतो. हिचं तसं काही नव्हतं.

मग वही मागितली. वही बघितली आणि सगळं कळलं. मोबाईलवर ढिगानं याद्या मिळतात, अमुक अक्षरं असलेले शब्द आणि त्यांचे अर्थ, तशी यादी तिनं उतरून काढली होती. ओ-यू-जी-एच असलेले सगळे एका पानावर: दो म्हणजे जरी, थ्रू म्हणजे मधून, थरो म्हणजे सखोल, टफ म्हणजे कठीण, थॉट म्हणजे विचार, डो म्हणजे मळलेलं पीठ, बाऊ म्हणजे झाडाची मोठी फांदी. खालच्या पानावर क्वाएट म्हणजे शांत आणि क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी, मग डायरी आणि डेअरी, अडॅप्ट आणि अडॉप्ट. रोज असे वीस शब्द. मी स्वतः ते पान दहा मिनिटं पाठ केलं असतं तरी माझाही गोंधळ झाला असता.

मी तिला विचारलं, कन्नड शिकताना द, थ आणि ध ही अक्षरं तुझी गोंधळायची का? कन्नड लिपीत ती तिन्ही बहिणी-बहिणीसारखी दिसतात, एवढ्याश्या रेघेचा नाहीतर टिंबाचा फरक. ती म्हणाली, "होय की, लय." आता का गोंधळत नाहीत? तर रोजच्या शब्दांत, बसच्या पाट्यांवर वेगवेगळी भेटून भेटून एकेक पक्कं झालं म्हणून. इंग्लिशचंही तसंच आहे, दिसायला सारखे शब्द एकाच दिवशी एकाच पानावर शिकले की एकमेकांना खातात. एक घ्यायचा, तो पक्का होऊ द्यायचा, चार-पाच दिवसांनी दुसरा. अशा याद्या ज्याला शब्द आधीच येतात त्याला उजळणीला चांगल्या, नव्यानं शिकणाऱ्याला त्या नकोतच असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि विसरण्याचं म्हणाल तर एबिंगहाऊस नावाच्या जर्मन संशोधकानं 1885 साली स्वतःवरच केलेले प्रयोग छापले, अर्थ नसलेले अक्षरांचे तुकडे पाठ करायचे आणि किती आठवतं ते मोजायचं. पहिल्या काही तासांतच भराभर विसरायला होतं, पुढे वेग कमी होतो. अर्थ न लागता पाठ केलेलं पान तिच्यासाठी तसंच होतं, म्हणजे सकाळी विसरणं हे स्वाभाविकच, डोक्यात काही कमी असल्याचं लक्षण नव्हे.

पण अक्षरं सारखी असणं दर वेळी त्रासाचंच नसतं, हे मला तिला जास्त सांगायचं होतं. आपल्याकडे पाटील किती आहेत बघा, मराठा पाटील, लिंगायत पाटील, जैन पाटील, आडनाव एक म्हणून सगळे भाऊबंद होतात का? नाही. पण काही पाटील खरंच एका घरातले असतात. शब्दांचंही असंच. क्वाएट आणि क्वाइट आज नुसते सारखे दिसतात, अर्थाला त्याचा काही उपयोग नाही. पण एस-पी-ई-सी-टी हे लॅटिनमधलं 'पाहणं', आणि इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून तपासणं, सस्पेक्ट म्हणजे खालून, संशयानं बघणं, रिस्पेक्ट म्हणजे वळून बघावंसं वाटणं, स्पेक्टॅकल्स म्हणजे चष्मा. हे एक घर. एका घरातले एकत्र शिकले तर एकमेकांना हात देतात.

मग मी तिला के-एन दाखवलं. नी म्हणजे गुडघा, नो म्हणजे जाणणं, त्यातला के बोलतच नाही तर लिहायचा कशाला, हा तिचा मोठा राग. इंग्लंडमध्ये पूर्वी तो बोलायचे, जर्मनमध्ये गुडघ्याला अजूनही 'क्नी' म्हणतात. आणि संस्कृतात गुडघा म्हणजे जानु, जाणणं म्हणजे ज्ञा. नी आणि जानु एका जुन्या मुळातून आलेत, नो आणि ज्ञा दुसऱ्या एका. ज्ञान शब्द ती पहिलीपासून लिहितेय! तसंच हलका या अर्थाचा लाइट आणि आपला लघु, रात्रीचा नाइट आणि संस्कृत नक्त. ती पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसली. (मात्र कफ आणि खोकल्याचा 'कॉफ' हे नातेवाईक नाहीत, नुसता योगायोग, म्हणून नातं जोडायच्या आधी डिक्शनरीत बघायचं, हेही सांगितलं.)

ठरलं ते एवढंच. रोज वीसऐवजी आठ शब्द, तेही दिसायला एकमेकांसारखे नसलेले. अर्थावर हात ठेवून आधी आठवायचं, मग बघायचं, दुसऱ्या दिवशी परत, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. प्रत्येक शब्दाचं वाक्य घरातलं, आई भाकरीचं पीठ मळते तिथे डो. रात्री बाराऐवजी दहाला झोप. सरांना आईनं भेटून सांगायचं की महिनाभर हिला उभं करून वाचायला लावू नका, आणि सर भले, लगेच हो म्हणाले. आईला मी एकच विनंती केली, तिच्यासमोर 'डोक्यात कमी' हा शब्द परत नको. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

पोटदुखी थांबायला तीन-चार आठवडे लागले. वाचन अजून सावकाश आहे, युनिट टेस्टमध्ये केमिस्ट्री जेमतेम. पण ट्रिगोनोमेट्रीत 'ट्रि' म्हणजे आपला त्रि आणि 'मेट्री' म्हणजे मिती हे तिनं स्वतः ओळखलं, आयसोटोपमधला 'आयसो' म्हणजे सम हे मी सांगितलं होतं. परवा रात्री तिचा व्हॉइस मेसेज आला, आवाजात घाई, "मॅडम, आयसोसेलीस ट्रँगल म्हणजे आमचा समद्विभुज त्रिकोण की! आयसो म्हणजे सम, मग सेलीस म्हणजे भुजा काय, हात?"

मी डिक्शनरी काढली. ग्रीकमध्ये तो शब्द पायासाठी आहे. तिला कळवलं, आपल्या त्रिकोणाला हात, त्यांच्या त्रिकोणाला पाय. पलीकडून आई आणि ती दोघी हसत होत्या.