मेट्रिक पद्धत आली तरी लोक इंच, वार, गुंठे का सोडत नाहीत? हा मागासलेपणा नाही का?

मागासलेपणा हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. १९५६ साली कायदा झाला, १९५८ पासून किलो आला, ते सगळं मान्य. पण सोलापुरात एकदा मागासमोर उभे राहा आणि मग बोला.

आमचे टॉवेलचे आठ माग आहेत. वडील जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे मिस्त्री होते, मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. फणीची घरं, म्हणजे उभे धागे ओवायच्या फटी, इंचावर मोजतात; पिक, म्हणजे आडवे धागे, तेही इंचाला धरतात. सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. वीसचं सूत म्हणजे पौंडाला १६,८०० वार. हे सगळं सोडून द्यायचं म्हणजे नेमकं काय काय बदलायचं?

तीन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने फोनवर २,४०० नग सांगितले, "तीस-साठ, पाचशे जीएसएम," म्हणजे चौरस मीटरला पाचशे ग्रॅम. आकार इंचात, वजन ग्रॅममध्ये, एका दमात, आणि बाजारात कुणाचाही गोंधळ होत नाही. धाकट्या भावाने, टेक्स्टाइलचा डिप्लोमा झालाय त्याचा, वहीत ७५ बाय १५० सेंटिमीटर लिहिलं. "दादा, एकच आहे. इंच सोडा आता." मी आषाढीला पंढरपूरला गेलो. परत आलो तर माल शिवून, गठ्ठे बांधून तयार. एक टॉवेल टेबलावर पसरला, टेप लावली. रुंदी साडेएकोणतीस, लांबी एकोणसाठ. काट्यावर ५८० ग्रॅम भरायला हवा होता, भरला ५६२. व्यापाऱ्यानेही टेप लावलीच, आणि डझनामागे भाव पाडला.

तीस इंच म्हणजे ७६.२ सेंटिमीटर, साठ म्हणजे १५२.४. एकच कसं?

भाऊ अजून म्हणतो, सगळंच सेंटिमीटरमध्ये असतं तर हे झालंच नसतं. अरे, पण सगळं कुठंय? सुताच्या गोणीवर गिरणी काउंटच छापते ना? फणी इंचाची, पिक ठरवणारं चाक इंचाचं, आणि वही तेवढी मेट्रिक. नुकसान तिथं झालं, इंचामुळे नाही. जमिनीतही तेच. सातबाऱ्यावर आर, म्हणजे शंभर चौरस मीटर, असतो, लोक त्याला सरळ गुंठा धरतात. गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, आरपेक्षा सुमारे १.१७ चौरस मीटरने मोठा. एकराला जवळजवळ अर्धा गुंठा जातो.

औषधाचा डोस, प्रयोगशाळा, इंधन इथं मेट्रिकच हवं, त्यात माझा वाद नाही. पाकिटावर आम्हीही सेंटिमीटरच छापतो. १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं यान एका बाजूने पौंड आणि दुसऱ्या बाजूने न्यूटन धरल्यामुळे नष्ट झालं, ती चूकही सरमिसळीचीच.

आता आमच्या वहीत दोन रकाने आहेत. इंचाचा मी भरतो, सेंटिमीटरचा भाऊ, २.५४ ने गुणून, दशांशासकट. दोन्ही जुळल्याशिवाय भीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, मागावर चढत नाही.