‘आम्ही कळवू’ म्हटल्यानंतरचे तीन आठवडे

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. मुलगा चार वर्षांचा असून जूनपासून त्याला ज्युनिअर केजीत घालायचे आहे. तीन शाळांत अर्ज केले होते. एका शाळेने नकार कळवला. दुसरीत प्रवेश मिळाला असून शुल्क भरण्याची मुदत पुढच्या शनिवारपर्यंत आहे. आम्हाला मनापासून हवी असलेली तिसरी शाळा मात्र ‘आम्ही कळवू’ म्हणून तीन आठवडे गप्प आहे. तिथल्या भेटीत मुलगा माझ्या ओढणीआड लपला, बाईंनी रंग विचारले तेव्हा एक अक्षर बोलला नाही आणि निघताना ‘आमच्याकडे पोळ्या बाबा करतात’ असे जाहीर करून मोकळा झाला. त्या पंधरा मिनिटांची उजळणी मी रोज रात्री करते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणाला तरी त्या शाळेचा मेल आल्याचे वाचले, तेव्हापासून सारखा फोन पाहते. पती म्हणतात, चांगलाच विचार कर. सासूबाई म्हणतात, नशिबात असेल ते होईल. ताई, मला दोन्ही जमत नाही. — एक आई

उत्तर : तुमच्या पत्रात नकार देणाऱ्या शाळेला एक वाक्य मिळाले आहे आणि गप्प शाळेने जवळजवळ सगळी जागा व्यापली आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 2016 साली 45 जणांवर केलेला एक प्रयोग यावरून आठवला. पडद्यावरच्या दगडाखाली साप आहे की नाही याचा अंदाज बांधायचा आणि साप निघाला की हाताला विजेचा झटका सोसायचा, असा तो खेळ होता. सर्वांत जास्त ताण आला तो झटका बसण्याची शक्यता निम्मी असताना. झटका बसणार हे जवळपास नक्की ठाऊक असताना माणसे त्यामानाने शांत होती. नकार एका संध्याकाळी रडून संपतो, पण ‘कदाचित’ संपत नाही, आणि तुम्ही सध्या त्या ‘कदाचित’मध्ये राहत आहात.

पतींचा सल्ला प्रेमापोटी आहे, पण तो फारसा उपयोगी पडेल असे मला वाटत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांनी वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची सुमारे चार महिने वाट पाहणाऱ्या कॅलिफोर्नियातील पदवीधरांचा अभ्यास केला. मुद्दाम आशावादी राहणे, वाईटाची आधीच तयारी करणे, विचार दडपणे, यांपैकी कशानेही त्यांची काळजी फारशी हलकी झाली नाही. इतकेच नव्हे, तर जे काळजी करत राहिले होते, त्यांनी पुढे अपयशाची बातमी इतरांपेक्षा बरी पचवली आणि यशाची बातमी आली तेव्हा त्यांना आनंदही अधिक झाला. त्यामुळे काळजी वाटते म्हणून स्वतःवर आणखी रागावण्याचे कारण नाही. याच संशोधनाच्या पुढच्या टप्प्यांत एक गोष्ट मात्र मदत करताना दिसली, ती म्हणजे भान हरपून जावे अशा कामात गुंतणे. टीव्ही लावून शेजारी फोन ठेवणे त्यात मोडत नाही. हात आणि डोके दोन्ही अडकतील असे काम हवे; तुमच्यासाठी ते कोणते, हे तुम्हालाच ठाऊक.

आता त्या पंधरा मिनिटांविषयी. तुम्ही ती परीक्षेच्या पेपरासारखी तपासत आहात, कारण निकाल आपल्या उत्तरांवर ठरतो असे मानले की निदान काहीतरी आपल्या हातात होते असे वाटते. प्रत्यक्षात शाळेचे गणित बरेचसे भेटीच्या आधीच मांडलेले असते. आधीच्या मुलांची भावंडे, शिक्षकांची व कर्मचाऱ्यांची मुले, घराचे अंतर, वर्गातील मुलामुलींचे प्रमाण हे सगळे वजा जाता उरलेल्या जागांसाठी बाकीचे सारे रांगेत असतात. शिवाय तुमच्यासारखीच अनेक कुटुंबे दोन-तीन शाळांत अर्ज करून बसलेली असतात. ती एका ठिकाणी शुल्क भरतात तेव्हा दुसरीकडची जागा सुटते आणि प्रतीक्षायादी पुढे सरकते. म्हणून मेल एकदम सर्वांना न येता टप्प्याटप्प्याने येऊ शकतात, आणि शेजारणीला मेल आला याचा अर्थ तुमचा नकार टाइप होऊन पडला आहे असा होत नाही. आणि खरे सांगायचे तर, चार वर्षांचे मूल परक्या बाईंसमोर ओढणीआड लपते यात बालवर्गाच्या कुठल्याही अनुभवी शिक्षिकेला नवल वाटणार नाही. पोळ्यांचे वाक्य तर मला त्या भेटीतले सर्वांत चांगले वाक्य वाटले.

शनिवारची मुदत हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न आहे, आणि तुम्ही तो पत्रात जाता जाता उरकला आहे. पुढच्या दोन दिवसांत तिसऱ्या शाळेच्या कार्यालयात एकदाच, शक्यतो प्रत्यक्ष जाऊन तीन गोष्टी विचारा : पहिली यादी पूर्ण लागली आहे का, प्रतीक्षायादी आहे का आणि अंतिम निर्णय कोणत्या तारखेपर्यंत कळेल. तारीख मिळाली की ‘कदाचित’ला निदान एक कुंपण पडते. पुण्यात प्रत्येक शाळेत कुणाच्या तरी वहिनी शिकवत असतात, त्यामुळे ओळख काढण्याचा मोह तुम्हाला होईल. माझे मत विचाराल तर ती काढू नका, कारण त्यातून माहिती क्वचित मिळते आणि अफवा हमखास मिळतात. त्याच वेळी दुसऱ्या शाळेकडून, प्रवेश रद्द केल्यास शुल्कातील किती रक्कम परत मिळेल, हे लेखी मागून घ्या. ती बुडाली तर तुमच्या घराला झेपेल का, याचा हिशेब पती आणि सासूबाईंना बरोबर घेऊन, कागदावर करा. झेपत असेल तर शुल्क भरावे, असे मी म्हणेन. मात्र भरण्याआधी शाळा सुटण्याच्या वेळी एकदा तिच्या फाटकाशी उभ्या राहा. मुले बाहेर कशी येतात, बाई त्यांच्याशी कशा बोलतात, बसपर्यंत कोण सोडते, हे पाहिले की ती शाळा नुसती ‘दुसरी’ राहणार नाही.

फोनचे म्हणाल तर मेल सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला पाहा, आणि सोसायटीच्या गटाचा आवाज महिनाभर बंद ठेवा. ‘कुठे झाली ॲडमिशन?’ असे जिन्यात कुणी विचारलेच, तर ‘एका ठिकाणी झाली आहे, ठरवतोय’ एवढे पुरे. ते खोटेही नाही.

मुलासमोर मात्र हा विषय टाळा. ‘बाईंशी बोलला असतास तर’ हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडून निघता कामा नये, सासूबाईंच्याही नाही. आपण काहीतरी चुकवले आणि म्हणून आई रात्री जागते, असे चार वर्षांचे मूल सहज धरून बसते. त्याने शाळेबद्दल विचारले तर ‘जूनमध्ये तू शाळेत जाणार आहेस, कोणत्या ते आम्ही ठरवून सांगू’ असे सांगा. दुसऱ्या शाळेतील प्रवेशामुळे हे आजच खरे आहे.

प्रश्न : मुलीला सहा वर्षे पूर्ण झाली आहेत. पहिलीच्या प्रवेशासाठी हडपसरमधील एका शाळेने तिची लेखी चाचणी घेतली, आम्हा दोघांची मुलाखत घेतली आणि निर्णय दोन आठवड्यांनी सांगणार आहेत. हे चालते का? — एक वडील

उत्तर : पहिलीसाठी चालत नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार सहा ते चौदा वयोगटातील मुलाला प्रवेश देताना त्याची किंवा पालकांची छाननी करता येत नाही, आणि सोडतीसारख्या यादृच्छिक पद्धतीखेरीज निवडीची कोणतीही पद्धत म्हणजे छाननी, अशी कायद्यातच व्याख्या आहे. पहिल्या उल्लंघनाला 25,000 रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, तेव्हा तुमची शाळा त्यांत मोडते का, हे आधी पाहा. वरच्या पत्रातील मूल चार वर्षांचे असल्यामुळे त्या आईला मी या कलमाचा आधार सुचवला नाही.

तक्रार निकालाआधी करावी की नंतर, हे मी तुमच्या वतीने ठरवणार नाही. त्याच शाळेत मुलीला घालायचे असेल तर तुमची धास्ती मला समजते. पण चाचणीची सूचना, आलेले संदेश, मुलाखतीच्या वेळेचा निरोप हे सगळे आजच जपून ठेवा. लेखी तक्रार कायद्याच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत महापालिकेकडे, करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत होणे अपेक्षित आहे. अर्ज द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.