भातातील कोळी आणि चतुर पाहून फवारणी करावी का?

आपण विचारले आहे की, गगनबावड्याकडील शेतात रोप लावणीनंतर महिन्याभरातच कोळी आणि चतुर फार दिसू लागले आहेत, तेव्हा पिकाला धोका आहे का आणि औषध मारावे का. माझे उत्तर स्पष्ट आहे: मारू नये. कोळी आणि चतुर भाताचे पान खात नाहीत. ते भात खाणाऱ्या किडींना खातात.

राधानगरी तालुक्यात आमचे भात आहे आणि गेली काही वर्षे मी चुडाच्या (भाताच्या रोपांच्या झुपक्याच्या) बुडाशी वाकून पाहण्याची सवय लावून घेतली आहे, कारण खरी वर्दळ तिथेच असते. तपकिरी तुडतुडे बुंध्यालाच रस शोषतात आणि त्यांच्या मागावर लांडगा कोळी जाळे न विणता खोडावरून आणि पाण्यावरूनही धावतो. मादी अंड्यांची पांढरी पिशवी पोटाच्या टोकाला घेऊन फिरते आणि पिल्ले निघाली की त्यांना पाठीवर वाहते. असा एक कोळी दिवसाला 5 ते 15 कीटक फस्त करू शकतो. वर पानांमध्ये लांब पायांचे कोळी जाळी ताणून बसतात, तर टाचण्या (चतुरासारखेच पण सुईसारखे बारीक कीटक) रोपांमधून खालूनच उडत तुडतुडे टिपतात.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र जेमतेम तीन मिलिमीटरचा हिरवा मिरिड ढेकूण. तुडतुड्याची मादी पानाच्या आवरणात अंडी घालते, तिथे बहुतेक औषधे पोहोचत नाहीत. हा ढेकूण सोंड खुपसून तीच अंडी शोषतो. म्हणूनच फवारणीने हे भक्षक मेले की अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना अडवणारे कोणी उरत नाही आणि तुडतुडे पूर्वीपेक्षा जास्त होतात. याच अनुभवाने इंडोनेशियाने 1986 मध्ये भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घातली.

भक्षक किडीच्या आधी कसे येतात, हा प्रश्न आपल्याला पडला असेल. शेणखत आणि कुजलेल्या पाल्यावर चिखलात चिलटांसारखे बारीक जीव वाढतात, त्यांवर कोळी सुरुवातीचे दिवस काढतात. त्यामुळे पहिल्या चाळीस दिवसांतील अनावश्यक फवारणी सर्वांत घातक ठरते.

आपण आठवड्यातून एकदा शेतभर वीस चुडे निवडावेत, प्रत्येकाला हलकेच थापट मारून पाण्यावर पडलेले तुडतुडे आणि कोळी दोन्ही वेगवेगळे मोजावेत, आणि तुडतुडे वाढत असून कोळी मात्र दिसत नसतील तरच कृषी सहायकांना शेत दाखवून औषधाचा विचार करावा.